रव्याची वारस

ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या आदल्या सकाळी तय्यिब भट्टीवाले सालाबादप्रमाणे श्रीमंत झाले.

श्रीमंत व्हायला त्यांना फारसं काही करावं लागत नसे. रब्बी यामीन भट्टीत यायचे, खिशातून रुमाल काढून त्याचं एक टोक पुढे करायचे, तय्यिब ते टोक पिठाच्या हातांनी धरून वर उचलायचे, की झाला सौदा. टँजिअरमधल्या उरल्यासुरल्या सगळ्या ज्यू घरांतला रवा, कणीक, शेवया, बिस्किटं आणि कपाटाच्या तळाशी लपवलेली व्हिस्की त्या क्षणापासून तय्यिबांची. सणाच्या आठ दिवसांत आंबलेल्या किंवा आंबू शकणाऱ्या धान्याचा कणसुद्धा ज्यू माणसाच्या मालकीचा असता कामा नये, असा त्यांचा कायदा. टाकून देणं जिवावर येतं, म्हणून विकायचं. सण संपला की रब्बी परत यायचे, रुमाल परत उचलला जायचा, आणि तय्यिब पुन्हा होते तेवढेच गरीब व्हायचे.

इतर गावांत हा नुसता रिवाज असेल. तय्यिबांनी तो मनावर घेतला होता. मालक म्हटला की त्याने मालाची विचारपूस करायला हवी, असं त्यांचं म्हणणं. सणाच्या दिवसांत भट्टीतून उसंत मिळाली की ते ज्यूंच्या दारांवर थाप मारत आणि चादरीखाली झाकलेलं आपलं कपाट उघडून बघत. घरातली माणसं तोंड फिरवून उभी राहत. "माझ्या रव्यात किडे झालेत," असं ते एकदा दंतवैद्याच्या बायकोला भर दारात सुनावून आले होते, आणि ती बिचारी "तुमचे किडे, तुम्ही बघा," म्हणून रडायला लागली होती.

"यंदा माल किती?" रुमाल सोडता सोडता तय्यिबांनी विचारलं.

"गेल्या सालापेक्षा कमी," रब्बी म्हणाले. "अझूलाय मंडळी हैफाला गेली. दंतवैद्य कराकासला गेला."

"म्हणजे मी दरवर्षी बुडतच चाललोय."

"तू कसला बुडतोयस? बुडतोय आम्ही."

तेवढ्यात फ्रान्सिस्कन चर्चचे पाद्रे हिलारियो ईस्टरच्या गोड पावांची फळी डोक्यावर घेऊन भाजून घ्यायला आत आले. संन्यासी माणसाने असं ओझं वाहणं चांगलं दिसत नाही, असं त्यांना सगळेच सांगत, पण पाव दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्यांची तयारी नसे.

"पाद्रे, आत्ता नाही," तय्यिब ओरडले. "आत्ता मी श्रीमंत होतोय."

"व्हा, व्हा. झालात की माझे पाव घ्या. आणि मागच्या खेपेसारखे करपवू नका."

"मी करपवले? तुम्ही साखर किती घालता? 'प्रभू येशू काय रोज उठतो का?' असं म्हणता आणि ओतता!"

लुना कोपऱ्यातल्या बाकावर मुलींच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती. शाळेला सुट्टी होती आणि भट्टीत ऊब होती. तय्यिब मध्येच तिच्याकडे वळले.

"काय गं लुना, व्हिस्की उन्हात राहिली तर नासते का?"

"काका, तुम्ही कुठे पिता?"

"पीत नाही म्हणून काय माल नासू द्यायचा?"

ती मान वर न करता हसली. एका मुलीने नाईल नदी स्पेनमध्ये नेऊन ठेवली होती.

संध्याकाळी तय्यिब सुजलेले पाय ओढत घरी आले. लुनाने वाटाण्याचं सार वाढलं, वर तेल आणि जिरं घातलं. ते मेसोदच्या दुकानातली हकिकत सांगत होते. मेसोद गावातला शेवटचा ज्यू वाणी. निम्म्या टँजिअरला शेवया आणि बिस्किटं तोच पुरवायचा. त्याने तय्यिबांचा माल उंदरांना दिसेल असा ठेवला होता म्हणे, आणि तय्यिबांनी त्याची हजेरी घेतली होती. लुनाने ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवलं होतं. "हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भट्टीतल्या बाकावर बसल्या बसल्या गेले, आणि हे बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका बाईने त्यांना भाजलेला पाव कच्चा निघाला म्हणून झाडलं. दुसरीने आपली फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. पाद्रे हिलारियो त्यांच्याशेजारी बसून हल्लीच्या पिठाच्या दर्जाबद्दल बोलत राहिले, आणि तय्यिबांनी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला नाही म्हणून खुशीत घरी गेले. पुढे कित्येक दिवस पाद्रे ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. त्यांचे डोळे दर वेळी भरून येत, आणि ऐकणाऱ्याला हसावं की काय करावं ते कळत नसे.

दुसऱ्या सकाळी तय्यिबांना पुरलं. बायका दफनाला जात नाहीत. लुना दारात उभी राहिली आणि जनाजा वळणाआड जाईपर्यंत तिथेच राहिली. मग आत येऊन तिने आलेल्यांना चहा दिला. ती रडली नाही. शेजारणींना ते जरा खटकलं, पण शिकलेल्या बाया अशाच, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी रब्बी यामीन आले. अंगणात पाद्रे होते, लाराशहून आलेला तय्यिबांचा पुतण्या सल्लाम होता, आणि काजीच्या कचेरीतले नोटरी सी लार्बी वारसांचा दाखला तयार करायला म्हणून बसले होते. रब्बींनी चहा घेतला नाही. खिशातून एक उकडलेलं अंडं काढून त्यांनी लुनाच्या हातात ठेवलं. घरचं माणूस गेलं की ज्यू लोक मागे राहिलेल्याला अंडं देतात. हात मागे घेताना ते जरा अडखळले, जणू आपण काय केलं हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

"लुना, पोरी," ते म्हणाले, "तय्यिब गेला तेव्हा आमचा रवा त्याच्या मालकीचा होता."

"हो."

"मग आता तो कुणाचा?"

म्हातारा दुःखाने भ्रमिष्ट झाला, असं लुनाला वाटलं. "तुमचाच, रब्बी. घेऊन टाका."

रब्बी ताडकन उठले. "असं बोलू नकोस! सण संपल्याशिवाय नाही! एक दाणाही नको!"

सी लार्बींनी घसा साफ केला. शंका कुणाचीही असो, तिचं उत्तर आपल्याकडे असतं यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. "माणूस मरतो त्या क्षणी त्याचा माल वारसांचा होतो. वारसाने मागावा लागत नाही, नको म्हणता येत नाही. एकच मुलगी असेल तर निम्मा तिचा. उरलेला पुतण्याचा." मग लुनाकडे बोट करून ते म्हणाले, "मुलगी आहे."

"आहे का?" रब्बी हळूच म्हणाले.

अंगणातल्या शेजारणींचे चहाचे पेले हातातच राहिले.

लुना कोणाची, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिची आई आलेग्रीया बेंझाकेन ज्यू. तिने बाप्तिस्मा घेऊन एका स्पॅनिश दीपगृहवाल्याशी लग्न केलं, तेव्हा बेंझाकेन घराने ती मेली असं समजून आठवडाभर जमिनीवर बसून सुतक पाळलं. दीपगृहवाला आन्सेल्मो स्पेनमधल्या लढाईला गेला तो आलाच नाही. आलेग्रीया भट्टीच्या वरच्या खोलीत राहायची. टायफसच्या साथीत ती खरोखरच मेली, तेव्हा तिच्यासाठी पुन्हा बसायचं की नाही याबद्दल घरात मतभेद झाले. पाच वर्षांची लुना जिना उतरून भट्टीत आली आणि तय्यिबांच्या बायकोने, ज़ोहराने, तिला जेवायला वाढलं. ज्यूंना वाटलं, मुलगी ख्रिस्त्यांची, नन्स बघतील. नन्सना वाटलं, आईची माणसं बघतील. मुसलमानांना वाटलं, तय्यिबाकडे आहे म्हणजे काहीतरी ठरलं असेल. तिन्ही धर्मांनी तिला दुसऱ्याची समजून निवांत वाढू दिलं होतं. शाळेत घालायच्या वेळी तय्यिबांनी दोन साक्षीदारांसमोर "ही माझी मुलगी" असं सांगितलं, आणि सी लार्बींच्या कायद्यात तेवढं पुरत होतं, जोवर कुणी खोडून काढत नाही तोवर.

"मी माझा हिस्सा सल्लामला देऊन टाकते," लुना म्हणाली.

"आज दिलास," रब्बी म्हणाले, "पण त्या दुपारपासून आजपर्यंत तो तुझाच होता. आणि तू आलेग्रीयाची मुलगी. आमच्यात आई ज्यू तर मूल ज्यू, मग आईने पुढे काहीही केलेलं असो. हे बघ, मी तुला ज्यू म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की तू ज्यू नाहीस असं मला म्हणता येत नाही."

"आणि म्हणून?"

"म्हणून वल्हांडणात तो रवा ज्यूच्या मालकीचा राहिला. असा रवा सणानंतरही कुणी खाऊ शकत नाही. जाळायचा, नाहीतर समुद्रात टाकायचा. सगळ्यांचा."

"निम्माच ना?" सल्लामने विचारलं. त्याचा गाद्यांचा धंदा होता, हिशेब त्याला लगेच कळत.

"कुठला निम्मा?" रब्बींचा आवाज चिरकला. "वाटणी कुठे झालीय? प्रत्येक शेवईत निम्मी ही आहे!"

लुनाने हातातल्या अंड्याकडे पाहिलं. काकांना हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं तिला वाटलं. हे ऐकून ते भट्टीच्या दारापर्यंत हसत गेले असते.

"एक दुरुस्ती," सी लार्बी म्हणाले. "व्हिस्की वारशात धरता येत नाही. मुसलमानाच्या दृष्टीने तो मालच नाही."

"मग ती कुणाची?"

"कुणाचीच नाही."

रब्बींचा चेहरा उजळला. "बेवारस! बेवारस चालेल, बेवारस उत्तम!"

"बेवारस म्हणजे," पाद्रे हिलारियोंनी बेताने विचारलं, "कुणीही उचलावी अशी?"

रब्बी त्यांच्याकडे न बघता लुनाजवळ येऊन बसले. "कासाब्लांकाच्या धर्मपंडितांकडे माणूस पाठवला होता. ते आधी हसले, मग तीन आठवड्यांची मुदत मागितली. तेवढा वेळ आपल्याकडे नाही. पोरी, वाट सोपी आहे. सी लार्बींसमोर एक वाक्य म्हण. 'तय्यिब माझे वडील नव्हते.' एवढं म्हटलंस की वारसा गेला, माल सगळा सल्लामचा, आम्ही सुटलो. आणि खोटं काय त्यात? सगळ्यांनाच माहीत आहे."

"हो," लुना म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत आहे."

तिने स्वतः तरी त्यांना कधी वडील कुठे म्हटलं होतं? जिना उतरून आली त्याच दिवशी तिने बजावलं होतं की आपले बाबा जहाजाने येणार आहेत. तय्यिब म्हणाले, मग ते येईपर्यंत मला काका म्हण. जहाजं आली, गेली. बारा वर्षांची झाल्यावर तिला कळलं की कुणी येणार नाही, पण तोवर काका तोंडात बसलं होतं. ज़ोहरा गेली तेव्हा एकदा तो दुसरा शब्द ओठांवर आला होता. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि आता या वयात काय, असं तिला वाटलं. त्यांनीही कधी आठवण करून दिली नाही. 'ते येईपर्यंत' या आपल्या अटीबद्दल ते बहुधा विसरले असावेत, असं ती स्वतःला सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सल्लाम माल बघायला निघाला. "विकलं म्हणजे विकलं ना?" तो म्हणाला. "मग बघायला काय हरकत आहे? चुलते बघायचेच की." त्याला एकट्याला मेसोदच्या अंगावर सोडणं लुनाला बरं वाटेना, म्हणून तीही गेली.

मेसोद दुकानात एका रिकाम्या बाजूला बसला होता. दुसरी बाजू छतापर्यंत पांढऱ्या चादरींनी झाकलेली, त्यामुळे दुकानात कुणी आजारी असल्यासारखं वाटत होतं. सल्लामने एक चादर उचलली. मेसोदने पटकन भिंतीकडे तोंड केलं.

"हे सगळं?" सल्लाम म्हणाला.

"तुमचं," मेसोद भिंतीला म्हणाला. "दोघांचं. घ्या, बघा, काही वाटून घेऊ नका."

सल्लामने बिस्किटांचा एक डबा काढला, उलटसुलट केला, आणि मालकच आहोत तर, म्हणून फोडला. उभ्या उभ्या त्याने एक बिस्कीट खाल्लं, मग दुसरं.

"कशी आहेत?" मेसोदच्याने राहवेना.

"मऊ पडलीत."

"मऊ? गेल्या आठवड्यातच आलीत जिब्राल्टरहून! तुम्ही डबा उघडाच टाकला असेल!"

"डबा माझा आहे."

"हो, हो," मेसोद शांत झाला. "तुमचाच आहे. पण झाकण लावा ना. कृपा करून झाकण लावा."

लुनाने झाकण लावलं. मेसोद तिच्याकडे वळला. लहानपणी दोघं भट्टीच्या दारात बसून पावाच्या करपलेल्या कडा खायची. तय्यिब त्या खास त्यांच्यासाठी तोडून ठेवत.

"लुना, मी तुला म्हणणार नव्हतो," तो म्हणाला. "रब्बी मला म्हणाले, मी तिला सांगितलंय, तू मध्ये पडू नकोस. पण हे समुद्रात गेलं तर मी संपलो. भाऊ कराकासला बोलावतोय. त्याच्या दुकानात बायकांना रिबिनी मोजून द्यायच्या, या वयात. मला तिथली हवा मानवत नाही, मी कधी गेलेलोही नाही, पण मला माहीत आहे." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "एकच वाक्य, लुना. तय्यिबकाका असते तर त्यांनीच तुला सांगितलं असतं, म्हणून टाक."

खरंच सांगितलं असतं. हीच तर अडचण होती. आपला माल वाचवण्यासाठी त्यांनी स्वतःलाही नाकारलं असतं, आणि वर मेसोदला झाकणाबद्दल झापलं असतं.

"म्हणते," लुना म्हणाली.

घरी तिने ते वाक्य म्हणून बघितलं. फ्रेंचमध्ये ते सहज आलं, व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखं. स्पॅनिशमध्येही आलं. अरबीत म्हटल्यावर तिने उगाच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग भाजी चिरायला घेतली आणि चिरता चिरता पुन्हा म्हटलं. वाक्य खरं होतं. कुठे अडायला काही कारण नव्हतं.

सणाच्या मधल्या दिवसांतली ती सकाळ. रब्बी कचेरीत जायला तयार नव्हते आणि काजीसाहेबांना हा सगळा प्रकार कानावर नको होता, म्हणून सगळे भट्टीत जमले. भट्टी आता शेजारचा एक जण चालवत होता. पावाच्या फळ्या घेऊन बायका बाहेर रांगेत उभ्या होत्या आणि आत काय चाललंय ते एकमेकींना सांगत होत्या. सी लार्बींनी सोबत दुसरे एक साक्षीदार आणले होते. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते फक्त मान डोलावत. रब्बी, मेसोद, सल्लाम आणि बोलावलेलं नसताना आलेले पाद्रे हिलारियो बाकांवर बसले. तय्यिबांच्या जागेवर मात्र कुणी बसेना, त्यामुळे जरा दाटी झाली.

"म्हण, बाई," सी लार्बी म्हणाले. "स्पष्ट म्हण. मृत तय्यिब माझे..."

"थांबा!" पाद्रे उठले. "कशाला तिच्या तोंडून हे वदवता? मला रात्रभर झोप नाही. मी मार्ग काढलाय. ती लहान असताना आमच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झालाय. ती ख्रिस्ती आहे. ख्रिस्ती माणसाला मुसलमानाचा वारसा मिळतो का, सी लार्बी?"

"नाही. पण..."

"मग मिटलं! नाकारायची गरजच नाही! ती ख्रि..."

सी लार्बींनी दोन्ही कानांत बोटं घातली. "हे मी ऐकलेलं नाही! ऐकलं तर मला काजीसाहेबांना कळवावं लागेल की मुसलमानाची मुलगी धर्म सोडून गेली! मी ऐकलेलं नाही!" दुसऱ्या साक्षीदारांनी मान डोलावली.

"पाणी शिंपडून आईची कूस बदलत नाही," रब्बी म्हणाले.

"अच्छा! म्हणजे ती हवीय तर तुम्हाला! इतकी वर्षं ती तुमच्या दारावरून शाळेत जायची, तेव्हा कुठे होतात? आता शेवयांसाठी आठवण झाली!"

"हवीय? मला?" रब्बी उभे राहिले. "तीन दिवस मी तिला नाकारायचा जिवापाड प्रयत्न करतोय, पाद्रे! सगळे ग्रंथ पालथे घातले! ती नाकारली जात नाही!"

"तर मग तिलाच कशाला सांगता नाकारायला?"

सी लार्बी डोळे मिटून, कानांत बोटं घालून पुटपुटत होते. मेसोद आपल्या टोपीची कड बोटांनी फिरवत होता.

"मला कायद्यातलं कळत नाही," सल्लाम म्हणाला. भांडण थांबलं म्हणून तो बोलला, नाहीतर बोलला नसता. "सगळा माल मला मिळणार, मला काय, बरंच आहे. पण चुलते दर ईदला लाराशला आमच्याकडे यायचे. अम्मा म्हणायची, राहा आजची रात्र. एकदाही राहिले नाहीत. पोरीला एकटं टाकून आलोय, म्हणायचे. आता ही चाळिशीला आली, नोकरी करते. तरी तेच. माझी पोरगी वाट बघत असेल. आणि शेवटची बस पकडायचे."

लुनाने कधी वाट पाहिली नव्हती. ते यायचे तेव्हा ती वाचत असायची. दार वाजलं की म्हणायची, सार झाकून ठेवलंय, काका.

"हा पुरावा होत नाही," रब्बी हळूच म्हणाले, पण कुणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं.

लुना उभी राहिली. वाक्य तयार होतं, अरबीतलं, छोटं, खरं. मेसोदने तिच्याकडे पाहिलं आणि तिने मेसोदकडे. तिने तोंड उघडलं.

"ते माझे बाबा होते," ती म्हणाली.

ते इतकं हळू आलं की बाहेरच्या बायकांनी "काय म्हणाली, काय म्हणाली?" असा गलका केला. रब्बी खाली बसले. पाद्रेंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग रब्बींच्या खांद्यावर हात ठेवला, रब्बींनीही तो झटकला नाही. मेसोदने डोळे मिटून घेतले.

सी लार्बींची बोटं अजून कानांतच होती. सगळ्यांचे चेहरे बदललेले पाहून त्यांनी एक डोळा उघडला. "झालं?" त्यांनी ओरडून विचारलं. "म्हणाली? लिहू?"

"बोटं काढा!" सल्लाम ओरडला.

त्यांनी बोटं काढली. "पुन्हा म्हण, बाई. मोठ्याने. माझ्या कानांवर पडायला हवं. तय्यिब तुझे कोण?"

बाहेरच्या बायका फळ्यांसकट दाराशी दाटल्या.

"बाबा," ती म्हणाली, आणि तो आवाज भट्टीच्या छतावर आपटून तिच्याकडेच परत आला. "माझे बाबा. लिहा, सी लार्बी. मेसोद, तुला कराकासला जाऊ द्यायचं नाही, कसं ते मला अजून माहीत नाही, मला माफ कर. रवा जाळा. समुद्रात टाका. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायचे. ते माझे बाबा होते. बाबा होते ते माझे. बाबा."